रसायनशास्त्राला भूगोल चालेल का? एका अर्जाचा प्रकरण अभ्यास

२०२५च्या जून महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात एक अर्ज आला. वहीतून फाडलेलं पान, वर "प्रति, मा. प्राचार्य", खाली विषय: "मायनर म्हणून भूगोल मिळणेबाबत." अर्जदार बी.एस्सी.चं पहिलं वर्ष पास झालेली मुलगी, मेजर, म्हणजे मुख्य विषय, रसायनशास्त्र. मायनर म्हणजे त्याच्या जोडीचा दुय्यम विषय. क्लार्कने तो कागद माझ्याकडे पाठवला, कारण नव्या शैक्षणिक धोरणाचं काम आमच्याकडे माझ्या गळ्यात आहे आणि मी रसायनशास्त्रच शिकवते. कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलं होतं, "मॅडम, हे होत नाही ना?"

विद्यार्थ्यांनी काय शिकायचं ते त्यांनीच ठरवावं का, यावर मी चर्चासत्रांतून पुष्कळ ऐकलं आहे. तिथे उत्तर झटकन मिळतं. या एका पानाला उत्तर द्यायला आम्हाला दोन महिने लागले, आणि जे उत्तर दिलं ते योग्य होतं असं मला आजही वाटत नाही. म्हणून घडलं ते क्रमाने मांडते. मुलगी ओळखू येईल असे तपशील मी बदलले आहेत.

आधीची व्यवस्था आणि आताची

आमचं महाविद्यालय तालुक्याच्या गावी. कला, वाणिज्य आणि विज्ञान एकाच आवारात. निम्म्याहून जास्त मुलं एसटीने येतात. जुनी पद्धत सगळ्यांना पाठ होती: विज्ञानाला एफवायला (पहिल्या वर्षी) चार विषय, एसवायला (दुसऱ्या) तीन, टीवायला (तिसऱ्या) एक स्पेशल. शाखा एकदा ठरली की विषय संपला. सायन्सच्या मुलाने आर्ट्सच्या वर्गात बसायचं काही कारणच नव्हतं.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाला केंद्रीय मंत्रिमंडळाने २९ जुलै २०२० रोजी मंजुरी दिली. महाराष्ट्राने २० एप्रिल २०२३च्या शासन निर्णयाने पदवीचा आराखडा ठरवला. स्वायत्त महाविद्यालयं त्याच वर्षी त्यात गेली, आमच्यासारखी संलग्न महाविद्यालयं २०२४-२५ पासून. सत्राला २० ते २२ क्रेडिट (म्हणजे अभ्यासाच्या तासांचं मोजमाप), तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२, चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६. त्यात मेजर, मायनर, कौशल्याचे विषय, भाषा, क्षेत्रप्रकल्प आणि ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे आमच्या बोलण्यातलं "ओई". ओई स्वतःच्या शाखेबाहेरचंच घ्यावं लागतं. मायनरबद्दल शासन निर्णय मोकळा आहे: मायनर त्याच शाखेतलं असू शकतं, किंवा पूर्ण वेगळ्या शाखेतलंही.

मुलीने तो जीआर मोबाइलवर वाचला होता. अर्जाच्या दुसऱ्या परिच्छेदात तिने ते वाक्य मराठीत उतरवून त्याखाली रेघ ओढली होती. आमच्या स्टाफरूममधल्या किती जणांनी तो जीआर शेवटपर्यंत वाचला असेल, हा विचार तेव्हा मनात आला.

भूगोल तिच्याकडे आला कसा

तिला बोलावून घेतलं. मला वाटलं होतं, लहानपणापासून भूगोलाची आवड वगैरे सांगेल. तिने सांगितलं ते वेगळंच होतं.

एफवायच्या पहिल्या सत्रात तिने ओईच्या फॉर्मवर योगाभ्यासावर खूण केली होती. वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनीच केली होती, कारण व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "योगाला मार्क पडतात" असा मेसेज फिरला होता. ऐंशी जागा पहिल्याच सकाळी भरल्या. तिची गाडी उशिरा पोहोचली. उरलेल्या यादीतून कार्यालयाने तिच्या नावापुढे "नकाशावाचन" टाकलं. दोन क्रेडिट, तीस तास. "मॅडम, मी त्या दिवशी घरी जाऊन रडले होते," ती म्हणाली.

तिसऱ्या की चौथ्या तासाला भूगोलाच्या सरांनी लाकडी टेबलावर भारतीय सर्वेक्षण विभागाचा स्थलनिर्देशक नकाशा पसरला आणि म्हणाले, आपापलं गाव शोधा. एक सेंटिमीटरला अर्धा किलोमीटर, तपकिरी समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या अंतराने, रस्ते लाल, शेती पिवळी. तिला गाव सापडलं. गावाच्या वरच्या अंगाचा ओढा सापडला. पण ओढा निळा नव्हता, काळा होता. सरांना विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर पाणी असलं तरच निळा रंग. ज्याचं पात्र कोरडं पडतं तो प्रवाह काळ्या रेघेने काढतात.

"आमच्या आजी म्हणतात त्या ओढ्याला पूर्वी उन्हाळ्यात पण पाणी असायचं. मग तो काळा कधी झाला?" हे तिने मला विचारलं. मी रसायनशास्त्राची. मला उत्तर येत नव्हतं. पण तिचा पुढचा प्रश्न माझ्या विषयातला होता: ओढ्याखालच्या विहिरींचं पाणी गोडं आणि माळावरच्या बोअरचं पाणी मचूळ, साबणाला फेस न येणारं, हे का? पाण्यातले क्षार मोजायला आपण प्रयोगशाळेत शिकतो, पण ते क्षार तिथे आणि तेवढेच का, हे समजायला खडक, उतार, भूजल कळायला हवं. म्हणून भूगोल.

या संपूर्ण प्रकरणात मला सर्वांत विचार करायला लावणारी बाब हीच वाटते. तिने जे मोकळेपणाने निवडलं होतं ते योगाभ्यास होतं, आणि तेही खरं तर ग्रुपने निवडलं होतं. जे तिच्या मनात रुजलं ते तिच्यावर लादलं गेलं होतं. ज्या विषयाची तोंडओळखच नाही तो मागणार कसा? आणि एकदा ओळख होऊन तो मागितला, तेव्हा मात्र आम्ही सगळे मिळून "होत नाही" म्हणत होतो.

का होत नव्हतं

अडचणी खऱ्या होत्या, हे आधी सांगते.

आमच्या विद्यापीठाच्या रचनेत पहिल्या वर्षी तीन विषय घ्यायचे आणि दुसऱ्या वर्षी त्यांतूनच एक मेजर, एक मायनर ठेवायचा, तिसरा सोडायचा. तिचे तीन: रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गणित. भूगोल तिने ओई म्हणून केला होता, त्या तिनांत तो नव्हता. जीआर म्हणतो चालेल. विद्यापीठाच्या रचनेत त्याला दार नाही. आणि परीक्षा विभागाच्या पोर्टलवर विषयांच्या ठरलेल्या जोड्याच दिसतात. रसायनशास्त्र निवडलं की मायनरच्या रकान्यात भूगोल येतच नाही. मुख्य अडथळा शेवटी त्या रकान्याचाच होता.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. आमच्याकडे आर्ट्स सकाळी साडेसातला सुरू होतं, सायन्सची प्रॅक्टिकल्स दुपारी असतात. तिची पहिली एसटी सव्वाआठनंतर स्टँडवर लागते. भूगोलाचा एसवायचा तास साडेसातचा. म्हणजे परवानगी मिळाली असती तरी एक तास रोज बुडणारच होता.

तिसरी अडचण मीटिंगमध्ये कोणी उघड बोलत नाही, पण बऱ्याचदा निर्णय तीच करते. वर्कलोड. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचं काम हवं. विद्यार्थी कमी झाले की बॅच कमी होते, बॅच गेली की तास जातात, आणि तास गेले की सगळ्यात आधी झळ बसते ती तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला. आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात एक पद कित्येक वर्षं रिक्त आहे. ते काम एक सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या, मॅडम करतात, प्राध्यापकपदासाठीची नेट परीक्षा पास झालेल्या, दोन मुलांची आई. मायनरला वनस्पतिशास्त्र घेणाऱ्यांची संख्या त्या वर्षी अशी होती की चार-पाच मुलं इकडेतिकडे झाली असती तर एक बॅच उडाली असती. विभागप्रमुख मला म्हणाले, "मॅडम, एकीला सोडलं तर उद्या दहा येतील. मग आमच्या मॅडमनी कुठे जायचं?"

मला त्यांचा राग आला नाही. पण त्या दिवशी एक उमगलं: आपण मुलांच्या निवडीबद्दल बोलतो तेव्हा बऱ्याचदा शिक्षकांच्या पोटाबद्दल बोलत असतो. पद मंजूर करताना मुलं मोजायची आणि मुलांना सांगायचं की मोकळेपणाने निवडा, हे दोन्ही एका छपराखाली नांदणार नाही. रिक्त जागा भरल्या असत्या, तर वनस्पतिशास्त्राला एका मुलीची भीती वाटली नसती.

तिचे वडीलही येऊन गेले. स्टाफरूमच्या दारातच उभे राहिले, टोपी हातात. "मॅडम, केमिस्ट्री सोडत नाही ना ती? केमिस्ट्रीला एमआयडीसीत काम लागतं म्हणतात." मी सांगितलं, "केमिस्ट्री राहणारच आहे, काका, काळजी करू नका." "मग हे भूगोलाचं काय?" मी पाण्याचं सांगितलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आमच्या बोअरचं पाणी तपासून देईल का ती?"

गणित सोडण्याची बाजू

इथे मला माझ्याच बाजूला धरून न चालणारी गोष्ट लिहायला हवी. भूगोलासाठी मी भांडले, पण त्याच मुलीने त्याच अर्जात गणित सोडायचं ठरवलं होतं, आणि त्यात मी तिच्या विरोधात होते.

तीन विषयांतला एक सुटणारच, आणि सगळे सोडतात तो गणित. एसवायला भौतिक रसायनशास्त्रात अभिक्रियेचा वेग शिकवायचा असतो. प्रथम कोटीच्या अभिक्रियेत वेग उरलेल्या द्रव्याच्या प्रमाणात असतो; हे विकलनाचं समीकरण मांडून त्याचं संकलन केलं की लॉगचं सूत्र मिळतं आणि अर्धायुकाल सुरुवातीच्या संहतीवर अवलंबून नाही हे आपोआप दिसतं. ज्याला संकलन येतं तो मुलगा फळ्याकडे बघून हसतो. ज्याने गणित सोडलं तो सूत्र पाठ करतो, आलेखाचा चढ काढतो, आणि हे कुठून आलं ते त्याला कधीच कळत नाही. वर्षानुवर्षं मी हे दोन्ही चेहरे शेजारी शेजारी बसलेले पाहिले आहेत.

म्हणून माझं मत असं झालं आहे: एखादा विषय मेजर म्हणून घेतला की त्याच्या आत पायऱ्या असतात, आणि पायऱ्यांचा क्रम विद्यार्थ्याच्या आवडीवर सोडता येत नाही. रसायनशास्त्र घ्यायचं की नाही हे तिने ठरवावं. घेतल्यावर गणित किती लागेल हे मात्र रसायनशास्त्र ठरवेल. मेजरच्या बाहेर तिला जिथे जायचं तिथे जाऊ द्यावं, अडवू नये. आमच्या व्यवस्थेत आज नेमकं उलटं आहे. गणित बिनदिक्कत सोडता येतं, कुणी विचारत नाही. भूगोल मागितला की दहा जण आडवे येतात.

हा वाद आपल्याकडेच उपटलेला नाही. अमेरिकेत हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स विल्यम एलियट यांनी १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं हा प्रयोग चालवला. गृहस्थ मूळचे रसायनशास्त्राचे आणि गणिताचे शिक्षक. त्यांनी ग्रीक-लॅटिनची सक्ती हळूहळू काढली, आणि शतक संपता संपता पहिल्या वर्षाच्या इंग्रजीपलीकडे सक्तीचं फारसं काही उरलं नाही. प्रिन्स्टनचे जेम्स मकॉश यांनी १८८५ साली न्यूयॉर्कमध्ये त्यांच्याशी जाहीर वाद घातला. एलियट यांच्यामुळे विज्ञान, इतिहास, आधुनिक भाषा यांना विद्यापीठात मानाची जागा मिळाली, हे त्यांचं मोठं काम. पण बरीच मुलं सोपे, प्राथमिक पाठ इकडून-तिकडून गोळा करून पदवी घेऊ लागली, आणि त्यांच्या जागी आलेल्या लॉवेल यांनी नियम आणला: एका विषयात खोल जा आणि बाकीचे काही ठरलेल्या गटांतून घ्या. मेजर आणि ओई यांचं आजचं गणित त्या दुरुस्तीच्या बरंच जवळचं आहे. आमच्या "योगाला मार्क पडतात"चीही मग मला फारशी लाज वाटेनाशी झाली. मोकळी यादी हातात दिली आणि माहिती दिली नाही, तर मुलं सोपं तेच उचलणार. कुणीही उचलेल.

"अठरा वर्षांच्या पोरांना काय कळतंय?" असं एक ज्येष्ठ सहकारी मीटिंगमध्ये म्हणाले. अठराव्या वर्षी मतदान कळतं असं आपण मानतो. पण त्यांचा मुद्दा मी उडवून लावणार नाही, कारण वर्षभरापूर्वी हीच मुलगी योगाभ्यासासाठी रडली होती. फरक मधल्या तीस तासांनी पडला. ते तास आधी द्यायला हवेत, निवडीचा फॉर्म नंतर.

मग आम्ही काय केलं

प्राचार्यांनी शिफारस जोडून अर्ज विद्यापीठाकडे पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, एका ओळीचं: प्रचलित संरचनेत अशी तरतूद नाही. कोणाशी बोलायचं, कुठे दाद मागायची, काही नाही. जीआरमधल्या त्या वाक्याचा उल्लेखही नव्हता. ऑगस्ट उजाडला होता, परीक्षा फॉर्मची तारीख जवळ आली होती. मुलीने मायनरला वनस्पतिशास्त्र भरलं.

मग वाकड्या वाटेने जे करता येईल ते केलं. एसवायच्या दोन्ही सत्रांत तिला ओई भूगोलाचाच दिला. तास सकाळी साडेसातचा होता, तो आम्ही साडेअकराला आणला, आणि त्यासाठी तिन्ही शाखांना त्या वेळी दुसरा कुठलाही तास नाही असं वेळापत्रक बसवलं. हे लिहायला एक वाक्य लागलं, करायला सोळा दिवस लागले आणि दोन सहकारी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. क्षेत्रप्रकल्प दोन विभागांनी मिळून घ्यायचा ठरवला, मार्गदर्शक मी आणि भूगोलाचे सर. ऑनलाइनची वाटही दाखवली: यूजीसीच्या २०२१च्या नियमांप्रमाणे सत्रातली ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट "स्वयम्" या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरून घेता येतात. पण तिच्या गावात रेंज घराच्या गच्चीवरच मिळते, आणि पाठ इंग्रजीत. तिने दोन आठवडे बघितलं आणि सोडून दिलं. तिला दोष देता येत नाही.

वनस्पतिशास्त्राच्या सीएचबी मॅडमची बॅच टिकली. याचा मला मनापासून आनंद झाला, आणि तो आनंद एका मुलीच्या विषयाच्या बदल्यात आला हेही मी विसरत नाही.

गणिताच्या बाबतीत मी हट्ट सोडला नाही. शनिवारी एक तास, न मोजलेला, विकलन-संकलनाचा, गणित सोडलेल्या मुलांसाठी सुरू केला. सुरुवातीला नऊ मुलं यायची, आता पाच येतात. ती येते.

प्रकल्पाचे नमुने तिने डिसेंबरात आणले. पाण्याच्या बाटल्या, लेबलं सोलून काढलेली, झाकणावर मार्करने विहिरीच्या मालकाचं आडनाव. पाण्याचा कठीणपणा, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, आम्ही ईडीटीए या रसायनाने काढतो: नमुन्यात बफर, मग इरिओक्रोम ब्लॅक टी हा रंगदर्शक, द्रावण दारूसारखं लाल होतं, आणि ब्युरेटमधून थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला ते निळं होतं. ओढ्याकाठच्या विहिरींचं पाणी लवकर निळं झालं. माळावरच्या बोअरचं होईना. तिने ब्युरेट पुन्हा भरली, हात थरथरत होता, मी मागे उभी राहिले. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. त्या बोअरचा आकडा ६००च्या पुढे गेला. तिने तो वहीत लिहिला, मग पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं, कारण बोअर तिच्या वडिलांची होती. दुसऱ्यांदाही तोच आला.

ते आकडे तिने ट्रेसिंग पेपरवर उतरवले आहेत, खाली स्थलनिर्देशक नकाशा ठेवून. काळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना छोटे गोल, प्रत्येक गोलात एक संख्या. भूगोलाच्या सरांनी तो कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली ठेवला आहे. उन्हाळ्यात त्याच विहिरींचे नमुने पुन्हा घ्यायचे आहेत.

विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आम्ही दुसरं पत्र पाठवलं आहे, या वेळी एका मुलीसाठी नाही: पहिल्या वर्षी ओई म्हणून केलेला विषय दुसऱ्या वर्षी मायनर म्हणून घेता यावा, आणि मधली कमी क्रेडिट भरून काढायला एक जोडवर्ग असावा. सोबत शिक्षकांच्या तासांचा हिशेबही जोडला आहे, कारण तो दिल्याशिवाय कुणी पुढचं पान उलटणार नाही. उत्तर यायचं आहे.

आमच्या हातातलं तेवढं आम्ही बदललं. येत्या जूनमध्ये ओईचा फॉर्म तिसऱ्या आठवड्यानंतर भरून घेणार आहोत. पहिले पंधरा दिवस मुलांनी कुठल्याही तीन वर्गांत बसून यायचं. आणि मायनरच्या फॉर्मवर यादीच्या खाली एक रिकामी ओळ ठेवली आहे: "यादीत नसलेला विषय हवा असल्यास तो आणि कारण लिहावे." क्लार्कने विचारलं, "मॅडम, कुणी लिहिलं तर काय करायचं?" मी सांगितलं, पेन्सिलीने काही न लिहिता माझ्याकडे पाठवायचं.